सही करण्याआधी : प्रस्तावना

शंभर-पाचशे रुपयांचा स्टॅम्पपेपर, त्यावर नवरा-बायकोच्या सह्या, दोन्हीकडच्या चार-चार जाणत्या माणसांच्या साक्षी आणि खाली नोटरीचा गोल शिक्का. मजकूर असा, की उभयतांनी राजीखुशीनं फारकत घेतली असून यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिलेला नाही. हा कागद मी वकिलीच्या वर्षांत इतक्या वेळा पाहिला आहे, की तो आता घडीवरूनच ओळखू येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि मुलांच्या दाखल्यांसोबत तो जपून ठेवलेला असतो. तो पुढे करणाऱ्या बाईचा प्रश्न बहुधा दुसराच असतो. पासपोर्टचा, दुसऱ्या लग्नाचा, कधी नवरा वारल्यानंतरच्या पेन्शनचा. आणि मला आधी सांगावं लागतं, की ताई, या कागदानं तुमचं लग्न संपलेलं नाही. कायद्याच्या नजरेत तुम्ही अजून त्याच माणसाची बायको आहात.

हे वाक्य ऐकल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यातून हे पुस्तक आलं. दहा वर्षांपूर्वी कुणी अर्धा तास नीट बोललं असतं, तर ती दहा वर्षं वाचली असती, असं प्रत्येक वेळी वाटत राहिलं.

लग्न मोडणं आणि लग्न कायद्यानं संपणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली घरात घडते. तिची तारीख कुणाला सांगता येत नाही. दुसरी न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं घडते आणि तिला तारीख असते. या दोन्हींच्या मधल्या काळात जी माणसं अडकतात, त्यांचेच हाल सर्वांत जास्त होतात. बाई सासरची राहत नाही आणि माहेरचीही होत नाही. मुलाला बाप असतो, पण फीला पैसे नसतात. नवरा दुसरं घर मांडतो, आणि त्या घरातल्या बाईलाही कायद्याचा आधार नसतो. आपल्याकडं यासाठी एक कठोर शब्द आहे : टाकलेली. अशा बायकांचा प्रश्न महाराष्ट्रातल्या स्त्रीचळवळीनं फार नेटानं मांडला. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हा त्यांचं दुःख पहिल्यांदा सार्वजनिक प्रश्न म्हणून उभं राहिलं. तो प्रश्न सुटलेला नाही. म्हणून घटस्फोटाच्या कायद्याकडं घर मोडणारा कायदा म्हणून पाहू नये, एवढी माझी पहिली विनंती आहे. मोडून गेलेल्या घराचा हिशेब कुणावर अन्याय न होता व्हावा, यासाठी तो आहे.

हा कायदा आपल्याकडं सहज आलेला नाही. काडीमोड आणि फारकत हे शब्द मराठीत जुने आहेत. अनेक जातींत जात-पंचायतीसमोर गवताची काडी मोडून विवाह सोडवण्याची रीत होती, त्यानंतर बाईला पाट लावता येत असे. उच्च म्हणवणाऱ्या जातींत मात्र बाईसाठी ती वाट बंद होती. रखमाबाईंनी ही भिंत पहिल्यांदा हलवली. बालपणी लागलेलं लग्न मानायला त्यांनी नकार दिला. नवऱ्यानं मुंबईत दावा लावला आणि १८८७ साली उच्च न्यायालयानं सांगितलं, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्यांच्या खटल्यानंतर साठेक वर्षांनी मुंबई प्रांतात हिंदूंसाठी १९४७ चा घटस्फोटाचा कायदा झाला; बडोदा संस्थानात तो त्याआधीच, १९३१ साली झाला होता. देशभराचा हिंदू विवाह कायदा येण्यासाठी १९५५ साल उजाडावं लागलं. त्याचा पाया असलेलं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं होतं. मुस्लिम समाजातही हा लढा महाराष्ट्रातूनच उभा राहिला. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला तो २०१७ साली, आणि २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा झाला.

हा इतिहास सांगितला, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे : मला कोणता कायदा लागू होतो? आपल्या देशात विवाह संपवण्याचा कायदा सर्वांना एक नाही. हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. अनुसूचित जमातींना तो थेट लागू नाही. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या आदिवासी जोडप्याला आधी आपल्या जमातीची रूढी पाहावी लागते. ख्रिस्ती समाजासाठी १८६९ चा, पारशांसाठी १९३६ चा कायदा आहे. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्यानं न्यायालयात जाऊन विवाह संपवता येतो. खुला (पत्नीच्या पुढाकारानं) आणि मुबारात (परस्पर संमतीनं) या वाटाही आहेत. नोंदणी पद्धतीनं, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न केलेल्यांना, धर्म कोणताही असो, त्याच कायद्यानं सुटता येतं. गोव्यात आजही पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. या पुस्तकाचा मोठा भाग हिंदू विवाह कायद्याबद्दल आहे, कारण आमच्याकडं येणारे बहुतेक प्रश्न त्याखालचे असतात. इतरांसाठी स्वतंत्र प्रकरणं केली आहेत.

आता स्टॅम्पपेपरकडं परत येते. ज्या जातीत काडीमोडीची रूढी आहे, तिथं १९५५ च्या कायद्यानंही ती राखली आहे, हे खरं. पण वाद उठला, की ती रूढी जुनी, अखंड आणि निश्चित आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. नोटरीचा शिक्का फक्त सही कुणाची एवढं सांगतो. लग्न संपवण्याचा अधिकार नोटरीला नाही, गावातल्या जाणत्यांनाही नाही. अशा कागदाच्या जोरावर नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि रूढी सिद्ध झाली नाही, तर ते लग्न पहिल्यापासूनच रद्दबातल ठरतं आणि द्विभार्येचा गुन्हा उभा राहतो. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायद्यानं एक दया मात्र ठेवली आहे. अशा लग्नातून झालेली मुलं औरस धरली जातात आणि आई-बापाच्या मालमत्तेवर त्यांचा हक्क असतो. त्यांच्या आईला मात्र मुलांच्या बापाच्या मालमत्तेवर तसा हक्क नसतो.

असाच पक्का बसलेला दुसरा समज म्हणजे सात वर्षं वेगळं राहिलं, की घटस्फोट आपोआप होतो. वीस वर्षं वेगळं राहिलं तरी तो आपोआप होत नाही. सात वर्षांचा आकडा कायद्यात आहे, पण तो जोडीदार सात वर्षं बेपत्ता असल्याबद्दलचा. आणि तेव्हाही अर्ज करावा लागतोच. तिसरा समज तर फार नुकसान करतो : कोर्टाची नोटीस घेतलीच नाही, की केस पुढं जात नाही. पोस्टमनला परत पाठवणाऱ्या घरांत पुढं एक दिवस एकतर्फी हुकूमनाम्याची बातमी येते. नोटीस नाकारली, तर ती बजावली गेली असं न्यायालय धरू शकतं. नोटीस घ्या, तारीख वाचा आणि त्या तारखेला हजर राहा.

नोटिशींमध्ये सर्वांत जास्त घाबरवणारी नोटीस हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ ची, नांदायला येण्याच्या दाव्याची. ती आली, की माहेरची माणसं हादरतात. पोलीस घेऊन मुलीला ओढत नेतील, असं त्यांना वाटतं. रखमाबाईंना तुरुंगाची भीती दाखवता आली, तो काळ गेला. आज या हुकूमनाम्यासाठी कुणालाही तुरुंगात टाकता येत नाही किंवा जबरदस्तीनं नांदवता येत नाही. फार तर मालमत्तेवर जप्ती आणता येते. पण तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कुणालाही त्या कारणावर घटस्फोट मागता येतो. अशा हुकूमनाम्यानंतर पत्नी परतली नाही, एवढ्याच कारणानं तिची पोटगी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२५ साली स्पष्ट केलं आहे.

दोघांची तयारी असेल, तर परस्पर संमतीची वाट सर्वांत कमी जखमांची. १९७६ च्या दुरुस्तीनं ती हिंदू विवाह कायद्यात आली. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं. मुंबईसारख्या शहरात दुसरी खोली घेणं परवडत नाही, म्हणून एकाच छपराखाली राहणारी जोडपीही यात बसू शकतात. अर्ज दाखल झाला, की सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं, की दोघं दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे राहत असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलं वगैरे बाबी खरोखर मिटल्या असतील, तर हे सहा महिने माफ करता येतात. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागं घेऊ शकतो, हेही लक्षात ठेवावं. म्हणूनच पैसे कधी आणि किती टप्प्यांत द्यायचे, दागिने कोणत्या दिवशी परत करायचे, फ्लॅटचं कर्ज कोण फेडणार, एकमेकांवरच्या फौजदारी तक्रारींचं काय, हे सगळं संमतीच्या अटींत शब्दांत लिहिलेलं असावं. ‘आपसांत ठरलं आहे’ या तीन शब्दांवर सही करू नये.

एकाची तयारी नसेल, तर कारण सिद्ध करावं लागतं. व्यभिचार, क्रूरता, सलग दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, एकत्र राहणं अशक्य व्हावं इतका गंभीर मानसिक आजार ही त्यातली मुख्य कारणं. कुष्ठरोग हे कारण २०१९ साली वगळलं गेलं, हे फार बरं झालं. सर्वांत जास्त अर्ज क्रूरतेवर येतात आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिच्याबद्दलच आहेत. फक्त मार म्हणजेच क्रूरता असं नव्हे. सततचा अपमान, खोटे आरोप, जगणं नकोसं करणारी वागणूकही क्रूरताच. तिचं ठरलेलं माप नाही आणि असू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली सांगितलं. पण त्याआधी, पुण्यात सुरू झालेल्या एका खटल्यात १९७५ साली दिलेला निकाल आजही या विषयाचा पाया आहे. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथं लागत नाही, कोणती बाजू अधिक संभाव्य आहे ते पाहायचं, असं त्यात ठरलं. त्या खटल्यात क्रूरता सिद्ध झाली. पण नंतर एकत्र संसार करून ती माफ केली गेली, असं न्यायालयानं धरलं. संसार वाचवण्यासाठी पुन्हा पुन्हा परत जाणाऱ्यांनी ही गोष्ट वकिलाकडून समजून घ्यावी.

लग्न पूर्णपणे मोडलं आहे, एवढं एकच कारण आजही कायद्यात नाही. विधी आयोगानं १९७८ साली आणि पुन्हा २००९ साली ते घालावं असं सुचवलं, पण दुरुस्ती झाली नाही. २०२३ साली घटनापीठानं सर्वोच्च न्यायालय आपल्या विशेष अधिकारात असं लग्न संपवू शकतं असं सांगितलं. कौटुंबिक न्यायालयाला मात्र तो अधिकार नाही. त्यामुळं ‘सुप्रीम कोर्टानं आता सगळं सोपं केलं’ अशी मोबाईलवर फिरणारी बातमी खरी धरू नये.

अर्ज कुठं करायचा, या प्रश्नाचं उत्तर माहेरी आलेल्या अनेकींना धीर देतं. लग्न जिथं झालं, दोघं शेवटचे जिथं एकत्र राहिले, समोरचा जिथं राहतो, यांपैकी कुठंही अर्ज चालतो. आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर अर्ज करणारी पत्नी असेल, तर ती आज जिथं राहते तिथंही. सासर पुण्यात आणि माहेर लातूरला असेल, तर तिला लातूरला अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालय असेल तिथं समुपदेशक आधी दोघांशी बोलतात. नसेल तिथं अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडं जातो. घरातल्या गोष्टी चारचौघांत उघड होतील ही भीतीही नको. सुनावणी बंद दाराआड होते.

पोटगीबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते : घटस्फोट होईपर्यंत थांबायचं कारण नाही. केस चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. स्वतःचा चरितार्थ चालवता न येणारी घटस्फोटित स्त्रीही पुनर्विवाह होईपर्यंत त्याखाली अर्ज करू शकते. नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं. म्हणून अर्ज लांबवणाऱ्याचं नुकसान होतं. आईनं समेटापायी मुलाची पोटगी सोडून दिली, तरी मुलाचा हक्क संपत नाही. तो तिचा नव्हे, मुलाचा आहे.

राहतं घर कुणाचं, हा प्रश्न कधीकधी पोटगीहून निकडीचा असतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला, आणि घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामाईक घर ठरू शकतं, असं २०२० साली न्यायालयानं म्हटलं. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी मात्र नव्हे. हिंदू कायद्यात घटस्फोटावेळी मालमत्ता निम्मी-निम्मी होत नाही. गोव्यात, विवाहावेळी वेगळा करार नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. आपल्याकडं कर्जाचे हप्ते दोघांनी भरले आणि सातबारा किंवा फ्लॅट एकाच्या नावावर असेल, तर बँकेचे कागद जपून ठेवावेत. स्त्रीधन मात्र पूर्णपणे तिचंच, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या निकालापासून निर्विवाद आहे. लग्नातले फोटो आणि सोनाराच्या पावत्या त्यासाठी कामाला येतात.

मुलांबद्दलच्या प्रकरणावर आम्ही सर्वांत जास्त दिवस घालवले. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडं असावं असं कायदा म्हणतो. पण त्या वयानंतरही आणि त्याआधीही न्यायालय एकाच गोष्टीकडं पाहतं, ती म्हणजे मुलाचं हित. ताबा म्हणजे मालकी नव्हे. ज्याच्याकडं ताबा नाही, त्यालाही भेटण्याचा हक्क मिळतो आणि खर्चाची जबाबदारी राहते. मी अनेक वर्षं कोर्टाच्या आवारात पाहिलं आहे : दोन खुर्च्यांच्या मध्ये उभं राहून मूल दोन्हीकडं आळीपाळीनं पाहत असतं. त्याला साक्षीदार करू नका.

परदेशातल्या मराठी जोडप्यांचे प्रश्न अलीकडं वाढले आहेत. इथं हिंदू पद्धतीनं लग्न करून न्यू जर्सीत किंवा लंडनला राहणाऱ्यांपैकी एकानं तिथं घटस्फोट घेतला, तर तो भारतात आपोआप चालतोच असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली याचे निकष घालून दिले. दुसऱ्या बाजूनं खरोखर हजर राहून तो दावा लढवला होता का किंवा मान्य केला होता का, आणि कारण आपल्या कायद्यात बसतं का, हे पाहिलं जातं.

हुकूमनामा हातात आला, की दुसऱ्या दिवशी नवा मुहूर्त काढणारेही भेटतात. अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपील फेटाळलं जाईपर्यंत थांबावं. एवढं थांबल्यानं नव्या संसाराचा पाया पक्का होतो.

पुस्तकाची मांडणी प्रश्नोत्तरी ठेवली आहे, कारण माणसं प्रश्न घेऊनच येतात. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. आपला प्रश्न काढा, उत्तर वाचा आणि त्याखाली दिलेली कागदांची यादी गोळा करायला लागा. पुस्तक वकिलाची जागा घेऊ शकत नाही. वकिलासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते मात्र शिकवू शकतं. पुरुष वाचकांसाठीही ते तितकंच आहे. अंतरिम पोटगी पतीलाही मागता येते, क्रूरता त्याच्यावरही होऊ शकते, आणि मुलाला भेटू न दिलेल्या बापाचं दुःखही खरंच असतं.

शेवटी वाचकाला एक कळकळीचं सांगणं. रागाच्या भरात, कुणाच्या दबावाखाली किंवा एकदाचं सुटावं म्हणून कुठल्याही कागदावर सही करू नका. आधी विचारा. तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना आणि मुलांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या अर्जांवर स्त्रियांना कोर्ट फीही नाही. विचारायला पैसे लागत नाहीत.